गोळ्या दोघांनी घ्याव्यात

बायकांच्या अंगावर थोडे पांढरे जाते. तो रोग नव्हे. पण ते पिवळे-हिरवे, फेसाळ झाले, घाण वास आला, खाज सुटली, लघवीला आग झाली, तर दवाखाना गाठावा. ट्रायकोमोनास नावाच्या जंतूने असे होते. हा जंतू नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पॅरिसच्या दोने नावाच्या डॉक्टराने १८३६ साली तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला.

हा रोग स्त्री-पुरुष संबंधातून लागतो. पुरुषाला बहुधा काहीच त्रास होत नाही. तो म्हणतो, "मला काय धाड भरलीय?" घोटाळा होतो तो इथेच! बायको गोळ्या घेऊन बरी होते, अन् नवऱ्याकडून रोग पुन्हा लागतो. म्हणून आम्ही सांगतो, डॉक्टर देतील त्या गोळ्या दोघांनी पुऱ्या घ्याव्यात. तोवर संबंध ठेवू नये. रोग कोणी आणला यावर भांडत बसू नये. तो महिनोन् महिने गुपचूप राहतो.

गरोदर बाईला हा रोग असला तर मूल दिवस भरण्याआधी, कमी वजनाचे जन्मण्याची भीती असते. एड्सचा विषाणूही अशा बाईला लवकर लागतो. तरी लाजेपायी बाया दुखणे अंगावर काढतात. सासूला सांगवत नसेल तर आशाताईंना सांगावे. सरकारी दवाखान्यात यावर औषध फुकट मिळते.