पुण्याच्या किती वर्षे मागे?



गेल्या पावसाळ्यात पुण्यातील एका मंडळीत आमच्या कामाची माहिती द्यायला गेले होते. सभा संपल्यावर चहा घेताना एका काकांनी विचारले, "ताई, तुमचा नंदुरबार म्हणजे पुण्याच्या किती वर्षे मागे?" मी काहीतरी उत्तर दिले, पण परतीच्या गाडीत ते मलाच पटेना. म्हणून या अंकात तोच प्रश्न अभ्यासाला घेतला आहे.

आधी आकडे पाहू. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत तिथे दर शंभरात सुमारे ६९ लोक आदिवासी होते. साक्षरता सुमारे ६४ टक्के; पुणे जिल्ह्यात ८६. आरोग्य, शिक्षण आणि उत्पन्न एकत्र धरून मानव विकास निर्देशांक काढतात, तो शून्य ते एक या मापात असतो. राज्याच्या २०१२ च्या अहवालात २०११ साठी पुण्याचा निर्देशांक ०.८१४ आहे आणि नंदुरबारचा ०.६०४, राज्यात सर्वांत कमी. त्याआधी २००१ मध्ये पुणे ०.७२२ होते, नंदुरबार ०.५१३.

वही घेऊन वजाबाकी करा. दहा वर्षांत दोन्ही जिल्हे जवळजवळ सारखेच वर चढले आणि मधले अंतर होते तेवढेच राहिले. याच गतीने पुण्याचा २०११ चा आकडा गाठायला नंदुरबारला २०३४ साल उजाडेल. काकांना हवे असलेले उत्तर हेच: तेवीस वर्षे. पण तोपर्यंत पुणे कुठे असेल, हे वेगळेच.

तरीही एवढ्यावर थांबवत नाही, कारण सरासरी फसवी असते. पुण्याच्या आकड्यात बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्याही मिसळलेल्या आहेत, आणि नंदुरबारच्या आकड्यात शहाद्याची बागायतीही आहे व धडगावकडचे डोंगरातले पाडेही. मला खरा फरक कळला तो दोन बाळंतपणांत.

माझी धाकटी बहीण हडपसरला राहते. रात्री कळा सुरू झाल्या, मेहुण्यांनी रिक्षा बोलावली, वीस मिनिटांत ती दवाखान्यात होती. त्याच महिन्यात आमच्या कामाच्या भागातील एका पाड्यावरच्या वहिनीला पहाटे कळा आल्या. फोनला रेंज मिळावी म्हणून तिचा दीर टेकडीवर चढला. १०८ ची गाडी आली, पण नाल्याला पाणी असल्याने पलीकडेच थांबली. बांबूला चादर बांधून झोळी केली आणि चौघांनी आळीपाळीने तिला खाली आणले. पहिल्या केंद्रातून पुढे पाठवले. दवाखान्याची पायरी चढेपर्यंत सात तास झाले होते. वहिनी वाचली. बाळ नाही.

कागदावर दोघींचे हक्क सारखेच होते. गाडी दोघींना फुकट, सरकारी दवाखान्यात प्रसूती दोघींना फुकट. त्या दिवसापासून मी तासांची वही ठेवते. पाण्याला किती वेळ, रेशनला किती, डॉक्टरला किती. ऊसतोडीला गुजरातेत गेलेले आईबाप मुलांपासून किती महिने दूर, तेही लिहिते. दिवाळीनंतर गेलेली जोडपी होळीला येतात, कित्येक जण पुन्हा जातात, कारण मुकादमाची उचल फिटलेली नसते. मुलांच्या शाळेच्या हजेरीवर ते लगेच दिसते.

पाड्यावर सगळे उणेच आहे असेही नाही. कुणाचे घर बांधायचे असेल तर माणसे न बोलावता लाकडे घेऊन येतात. माझी बहीण शेजारच्या फ्लॅटमधल्यांचे नाव सांगू शकत नाही. पण हे सांगताना मी जपून सांगते. झोळी उचलायला चार माणसे लगेच मिळतात हे खरे. झोळी लागूच नये, हेही तितकेच खरे.

मी स्वतः माझ्या मुलीला आठवीपासून पुण्यात बहिणीकडे शिकायला ठेवले आहे. हे लपवून तुलना लिहिली असती तर ती खोटी ठरली असती.

आता काकांच्या मंडळीविषयी. त्यांनी हे ऐकून रुग्णवाहिकेसाठी वर्गणी जमवायची तयारी दाखवली. मी आनंदाने पाड्यावर सांगितले. एक म्हातारे बाबा म्हणाले, "ताई, ती गाडीपण नाल्यापलीकडेच उभी राहील ना?" मला उत्तर सुचले नाही.

मग बायकांसोबत बसलो. शेवटच्या दिवसांत आरोग्य केंद्राजवळ येऊन राहण्यासाठी शासनाची माहेरघर योजना आहे, ती त्यांना माहीत होती. मग जात का नाही? एकीने बोटांवर मोजून दाखवले: घरी दोन लहान पोरं, शेळ्या, सासूला दिसत नाही, आणि सोबत येणाऱ्या नवऱ्याची मजुरी बुडते. तेव्हा पैसे लागतात ते इथे. घर सांभाळणाऱ्या बाईला रोज आणि सोबत्याच्या जेवणाला.

हा हिशेब मी काकांना पाठवला. आठवड्याने त्यांचा फोन आला. मंडळीतल्या काहींना गाडीच हवी आहे, कारण गाडीवर नाव लिहिता येते, असे ते जरा संकोचाने म्हणाले. पुढच्या महिन्यात बैठक आहे. नाल्यावरच्या फरशीचा ठराव ग्रामसभेने दुसऱ्यांदा दिला आहे. जूनपर्यंत पाड्यावर तीन बाळंतपणे आहेत.