धाकटीला जागं कर

डोंबिवली, रविवार

चि. सोनूस,

तू ठाण्याहून पाठवलेली मांगाची पानं वाचली. शाप उतरवायला निघालेली बहीणभावंडं आणि मागे पडत जाणारा कल्याणचा दुर्गाडी किल्ला, हे चित्र फार देखणं उतरलंय. पण पुढे सगळीकडे दादाच लढतो, दादाच शिकतो. धाकटी आपली त्याच्या पाठीवर झोपलेली. तू स्वतः धाकटी असून तिला असं का ठेवलंस गं?

'डीमन स्लेयर'मधली धाकटी बहीण नेझुकोही पेटीतून प्रवास करते, हे खरं. पण आधी तिला मारायला आलेल्या गियूच्या तलवारीपुढे भावाला पाठीशी घालून उभी राहते तीच. 'फुलमेटल अल्केमिस्ट'मध्ये तर हिरोमु अराकावांनी धाकट्या आल्फोन्सचं अख्खं शरीर हिरावून घेतलं, पण त्याआधी गुरूनं बेटावर करून घेतलेल्या साधनेतून त्याला वगळलं नाही. एडवर्डइतकंच त्यालाही शिकावं लागतं. शेवटी दोघंही एकमेकांसाठी मोल मोजतात.

आणि आपली आळंदीची चौघं भावंडं! आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, तरी या पोरांना शुद्धिपत्रासाठी पैठण गाठावं लागलं, असं परंपरा सांगते. गहिनीनाथांकडून निवृत्तीनाथांना मिळालेली दीक्षा त्यांनी ज्ञानदेवांना दिली. थोरला भाऊच गुरू. पुढे नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरी घडली. त्यापुढे त्या शुद्धिपत्राची काय मातब्बरी? पण मला सर्वांत मोलाची वाटते ती मुक्ताई. ज्ञानदेव व्यथित होऊन ताटी लावून बसले, तेव्हा त्यांची समजूत कुणी घातली? सगळ्यांत धाकटीनं. चांगदेवांसारख्या योग्यानंही तिला गुरू मानलं. तुझ्या धाकटीलाही एकदा तरी दादाला अडवू दे, त्याचं चुकतंय हे तोंडावर सांगू दे. त्याला ते ऐकावं लागलं, की तोही वाढेल.

वाटही बदल. तुझं काल्पनिक जंगल कुठलंही वाटतं. कल्याण बंदरातला माल सातवाहनांच्या काळी नाणेघाट चढून जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. घाटातल्या लेण्यात नागनिकेचा शिलालेख आहे, घाटमाथ्यावर तो मोठा दगडी रांजण. तुझ्या भावंडांना त्या वाटेनं ने. पण चित्र काढण्याआधी स्वतः चढून ये. पाऊस उघडला की कल्याणहून मुरबाडमार्गे वैशाखऱ्याला उतर, दादाला सोबत घे आणि वही त्याच्याकडे न देता स्वतःच्याच पिशवीत ठेव.

तुझी,
मावशी