सलग नाइट आणि उडालेली झोप

प्रश्न : मी सोलापूरची. बंगळुरूजवळच्या देवनहळ्ळीत खासगी रुग्णालयात आयसीयूत स्टाफ नर्स आहे. सलग नाइट, व्हेंटिलेटरवरचे तीन-तीन पेशंट, कन्नड जेमतेम. हल्ली नातेवाइकांवर खेकसते, दिवसा झोप लागत नाही. मीच कमी पडतेय का?

उत्तर : नाही, सिस्टर. व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक रुग्णामागे एक परिचारिका हवी, हा मान्य निकष आहे. तिघांचं काम एकटीवर पडलं तर चिडचिड होणारच. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये ‘बर्नआउट’ला आजार नव्हे, तर कामाच्या ठिकाणी साचलेल्या ताणातून उद्भवणारी स्थिती म्हटलं. त्यामुळे ‘योगा करा’ एवढ्यावर बोळवण करणाऱ्या व्यवस्थापनाचं मला हसू येतं.

प्रत्येक ड्युटीला पेशंट किती होते, हे लिहून ठेवा आणि सहकाऱ्यांसह नर्सिंग सुपरिंटेंडेंटना लेखी द्या; एकटीनं जाऊ नका. नाइटच्या उत्तरार्धात चहा-कॉफी टाळा, घरी खोलीत पूर्ण अंधार करा.

बोलावंसं वाटलं तर 14416 हा ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक रात्रीही चालू असतो, मराठीतून बोलता येतं. झोप दोन आठवड्यांत सुधारली नाही, तर बंगळुरूतच निम्हान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, तिथं दाखवा. जीव नकोसा वाटला, तर मात्र एक दिवसही थांबू नका.