मणिभाई देसाई यांचे गोसंवर्धनकार्य आणि शहापूर-मुरबाडचा गोपालक

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील बहुतेक शेतकऱ्यांच्या दावणीला चार-सहा जनावरे असतात. परंतु घरच्या चहापुरतेही दूध पुष्कळदा मिळत नाही. ही स्थिती पालटता येते काय, या प्रश्नाचा विचार करताना मणिभाई देसाई यांचे चरित्र ग्रामसेवकांनी व गोपालकांनी अवश्य अभ्यासावे.

मणिभाईंचा जन्म 1920 साली सुरत जिल्ह्यातील कोसमाडा या गावी झाला. विज्ञानाचे शिक्षण घेतलेला हा तरुण 1942 च्या आंदोलनात तुरुंगात गेला व पुढे गांधीजींच्या सहवासात आला. मार्च 1946 मध्ये गांधीजी पुणे जिल्ह्यातील उरुळीकांचन येथे आले, तेथे निसर्गोपचार आश्रम सुरू झाला आणि त्याची जबाबदारी मणिभाईंवर पडली. भाषा मराठी, माणूस गुजराती, जमीन बरड. तरी 1993 साली निधन होईपर्यंत उरुळी हेच त्यांचे गाव राहिले.

आश्रमात त्यांनी गीर गाईंचा कळप उभा केला. गाईची पूजा करणारे पुष्कळ होते, पण तिचे दूध रोज मोजणारे, वेतांची नोंद ठेवणारे आणि त्या नोंदीवरून वळू निवडणारे थोडे होते. मणिभाई या थोड्यांपैकी होते. त्यांच्या यशाचे मर्म मला या वहीतच दिसते. इतर गोष्टी मागाहून आल्या.

1967 साली त्यांनी 'बायफ' ही संस्था स्थापन केली. हिचा मुख्य विचार असा की, माजावर आलेली गाय दवाखान्यापर्यंत चालवीत नेण्याऐवजी रेतन करणारा कार्यकर्ताच गोठ्यापर्यंत जावा. उणे 196 अंश तापमानाच्या द्रवरूप नत्रामध्ये गोठविलेले वीर्य पुष्कळ वर्षे टिकते. त्यामुळे एका केंद्रावरून दहा-पंधरा गावांना सेवा देणे शक्य झाले. जर्सी व होल्स्टीन वळूंच्या वीर्यापासून गावठी गाईंना झालेल्या संकरित कालवडी अडीच ते तीन वर्षांत विऊ लागल्या; गावठी कालवडीस यासाठी चार वर्षे लागतात. 1968 साली मणिभाईंना पद्मश्री व 1982 साली लोकसेवेबद्दल मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच 1982 साली दक्षिण गुजरातेतील वांसदा येथे आदिवासी कुटुंबांसाठी आंबा-काजूच्या वाड्यांचे काम सुरू झाले. हे काम पुढे आपल्या शेजारच्या जव्हार भागातही पोहोचले.

आता आपल्या तालुक्यांकडे वळू. उरुळीचा प्रयोग येथे जसाच्या तसा उचलणे इष्ट नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. उरुळीचा प्रदेश कोरडा. आपल्याकडे सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. भाताच्या चिखलात, डोंगरउतारावर व सततच्या पावसात टिकणारे जनावर म्हणजे डांगी. पांढऱ्या अंगावर काळे अथवा तांबडे ठिपके, काळे टणक खूर आणि पाणी न धरणारी तेलकट कातडी ही तिची लक्षणे होत. दूध थोडे, पण बैल खंबीर. ज्याच्याकडे बागायत नाही व हिरव्या वैरणीची सोय नाही, त्याने चांगल्या डांगी गाईला होल्स्टीनचे वीर्य भरवून घेतल्यास गोचीड, ताप व उपासमार यांनी संकरित कालवड खंगते, आणि नांगराचा बैलही जातो. तेव्हा अशा गोपालकाने डांगी वळूचीच निवड करावी. हमखास पाणी व जवळ दूधसंकलन असलेल्याने संकर जरूर करावा, मात्र परदेशी रक्त निम्म्याच्या वर जाऊ देऊ नये.

वळू निवडताना पौषी पौर्णिमेच्या म्हसा येथील जत्रेच्या बाजाराचा चांगला उपयोग होतो. तेथे नुसते वशिंड व शिंगे पाहून सौदा करण्याची पद्धत आहे. त्याऐवजी त्या वळूच्या आईचे दूध किती, हे विक्रेत्यास विचारावे. उत्तर सहसा मिळत नाही. परंतु चार गिऱ्हाइकांनी विचारल्यावर पाचव्या वर्षी तरी कोणी वही ठेवू लागेल.

वैरणीचा प्रश्न याहून मोठा आहे. येथील गवत पूर्वीपासून मुंबईच्या तबेल्यांकडे गेले. ते कापले जाते दाणा झडल्यावर, म्हणजे त्यातील सत्त्व उतरल्यावर. घरच्या जनावरांसाठी ठेवावयाचे गवत फुलोऱ्यात असतानाच, उघडीप पाहून कापावे. भाताच्या पेंढ्यावर प्रक्रिया करावयाची असल्यास 100 किलो पेंढ्यास 4 किलो युरिया सुमारे 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा व ढीग 21 दिवस हवाबंद ठेवावा. उघडल्यावर वास उडू देऊन प्रथम थोडाच घालावा. सहा महिन्यांखालील वासरांना तो देऊ नये, आणि युरियाचे पाणी जनावरांच्या तोंडी लागणार नाही याची कडक दक्षता घ्यावी. ते विषारी असते.

ग्रामसेवकांनी प्रत्येक वाडीत निदान एका गोपालकास वही घालून द्यावी. तीत गाय केव्हा व्याली, केव्हा माजावर आली, कोणत्या वळूचे रेतन झाले आणि आठवड्यातून एका दिवशी दोन्ही वेळचे दूध किती निघाले, एवढेच लिहावे. गाय सकाळी माजावर दिसल्यास संध्याकाळी, व संध्याकाळी दिसल्यास दुसऱ्या सकाळी रेतन करून घ्यावे. 21 दिवसांनी ती पुन्हा माजावर येते काय, हे पाहून त्याची नोंद त्याच पानावर करावी.