दिव्यांग मुलाचे अनुदान आणि वडिलांचे कर्ज

समजा, उदगीरच्या मोंढ्यात हमाली करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांची दहा वर्षांची मुलगी जन्मापासून सेरेब्रल पाल्सीने पीडित आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून तिच्या नावे दरमहा रक्कम येते. घरावर तीन कर्जे आहेत. एक थोरल्या मुलीच्या लग्नासाठी सोयऱ्यांकडून घेतलेले, दुसरे फायनान्सचे व्याजी कर्ज आणि तिसरे या धाकटीच्या चाकाच्या खुर्चीसाठी शेजाऱ्याकडून घेतलेले उसने. अनुदान जमा झाले की त्यातूनच हप्ता भरला जातो. आईवडील लबाड नाहीत. मुलीला ते जिवापलीकडे जपतात. तरीही प्रश्न उरतो की, हा पैसा त्या कर्जात भरण्याचा त्यांना अधिकार आहे काय?

आधी पैसा कोणाचा, हे ठरवले पाहिजे. ही योजना 65 वर्षांखालील निराधार व दिव्यांग व्यक्तींसाठी आहे. दिव्यांगत्व किमान 40 टक्के असल्याचे प्रमाणपत्र लागते आणि तहसील कार्यालयातून प्रकरण मंजूर होते. 2023 मध्ये ही मदत दरमहा 1,500 रुपये झाली आणि 2025 मध्ये शासनाने दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ती 2,500 रुपये करण्याचा निर्णय घेतला. कुटुंबाचे उत्पन्न पाहिले जाते खरे, परंतु मंजुरीपत्रावर नाव मुलीचे असते आणि मदतीचे कारण तिचे दिव्यांगत्व असते. देणाऱ्याने ज्याला उद्देशून दिले, मालकी त्याची. फिकहमध्ये अल्पवयीन मूल, अगदी तान्हे बाळसुद्धा, संपत्तीचे मालक होऊ शकते. व्यवहार तेवढा त्याच्या वतीने वली करतो.

वलीच्या या अधिकाराची मर्यादा सूरह अन्-निसाच्या आरंभीच आली आहे. ज्यांना व्यवहाराची समज नाही त्यांच्या संपत्तीतून त्यांना खाऊपिऊ घाला, वस्त्रे द्या आणि त्यांच्याशी चांगल्या शब्दांत बोला, असा आदेश पाचव्या आयतीत आहे. सहाव्या आयतीत सधन पालकाला अनाथाच्या संपत्तीपासून दूर राहण्यास सांगितले असून गरजू पालकाला रीतीप्रमाणे घेण्याची मुभा दिली आहे. दहाव्या आयतीत अनाथांची संपत्ती अन्यायाने खाणाऱ्यांना आगीचा इशारा आहे. या आयती प्रामुख्याने अनाथांविषयी आहेत आणि आपल्या मुलीचे वडील हयात आहेत, हे खरे. परंतु पालकाने मुलाच्या हिताचेच करावे, हे तत्त्व फुकहांनी वडिलांनाही लागू केले आहे. वडिलांवर विश्वास अधिक ठेवला आहे, म्हणून त्यांना व्यवहाराची मोकळीक अधिक आहे. मालकी मात्र नाही.

येथे हमखास एक हदीस पुढे केली जाते. एका माणसाने प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे तक्रार केली की, माझ्याकडे संपत्ती आहे, मुलेबाळे आहेत आणि माझे वडील माझी सगळी संपत्ती घेऊ पाहतात. तेव्हा प्रेषितांनी (स.) तू आणि तुझी संपत्ती तुझ्या वडिलांची आहे, असे उत्तर दिले. ही हदीस इब्ने माजा यांनी नोंदवली आहे. तक्रार करणारा कोण, ते पाहा. तो संसारी आणि संपत्ती बाळगून असलेला मुलगा होता. हाताने घाससुद्धा उचलू न शकणारी मुलगी नव्हती. बहुसंख्य विद्वानांच्या मते या हदीसचा अर्थ असा की, गरजू वडिलांनी आपल्या निर्वाहापुरते घ्यावे. मुलाची संपत्ती वडिलांचीच असती तर मुलाच्या मृत्यूनंतर आईला त्यात वाटा कशाला मिळाला असता? कुरआनने तर तो ठरवून दिला आहे.

इमाम अहमद यांच्या मार्गात वडिलांना अधिक व्यापक अधिकार आहे. पण तिथेही इब्ने कुदामा यांनी 'अल-मुग्नी'त दोन अटी सांगितल्या आहेत. मुलाचे नुकसान होऊ नये व त्याच्या गरजेचे घेऊ नये, ही पहिली. एका अपत्याचे घेऊन दुसऱ्याला देऊ नये, ही दुसरी. म्हणजे सर्वांत सैल मताच्या आधारानेही धाकटीच्या अनुदानातून थोरलीच्या लग्नाचे कर्ज फेडता येत नाही.

हनफी फिकहच्या 'हिदाया' ग्रंथात वडिलांनी स्वतःच्या कर्जासाठी अल्पवयीन मुलाची वस्तू गहाण ठेवल्यास ते वैध धरले आहे, पण त्याबरोबरच मुलाची भरपाई वडिलांच्या अंगावर टाकली आहे. आपल्या इकडे बहुतेक लोक हनफी आहेत आणि ही सवलत ऐकली की पुढचे अर्धे वाक्य विसरतात. मुलाच्या पैशाने सावकाराचे देणे चुकले, तरी कर्ज संपत नाही. फक्त धनको बदलतो. आता धनको ती मुलगी असते, आणि ती तगादा लावू शकत नाही.

मग रोजच्या स्वयंपाकाचे काय? घरात चूल एकच असते. याचे उत्तर सहाबांच्या अनुभवात आहे. अनाथांच्या संपत्तीविषयीच्या आयती आल्यावर लोकांनी भीतीने अनाथांचे अन्न वेगळे ठेवले. उरलेले त्यांच्यासाठीच राखले जाई आणि कधी नासून जाई. ही अडचण प्रेषितांच्या (स.) कानी घातली गेली, तेव्हा सूरह अल्-बकराची 220 वी आयत अवतरली. तुम्ही त्यांना आपल्यात मिसळून घेतले तर ते तुमचे बांधवच आहेत, आणि बिघडवणारा कोण व सुधारणारा कोण हे अल्लाह जाणतो, असा तिचा आशय आहे. म्हणून मुलीच्या वाट्याचा किराणा, दूध, औषध, तिला दवाखान्यात नेण्याचे रिक्षाभाडे, तिच्यामुळे वाढलेले वीजबिल हे सारे तिच्या अनुदानातून भागवण्यास हरकत नाही. पैशापैशाचा काटा लावण्याची गरज नाही.

खुर्चीसाठीचे उसनेही याच न्यायाने फेडता येईल, कारण ती वस्तू तिची आहे. मात्र उसने घेतानाच तिच्या अनुदानातून फेडण्याचा हेतू असावा आणि तो कोणाला तरी सांगितलेला असावा. वडिलांनी आपलेपणाने केलेला खर्च मागाहून मुलाच्या नावे टाकणे हनफी विद्वानांना मान्य नाही. साक्षीदार नसेल तर तो देणगी समजला जातो.

फायनान्सच्या हप्त्यात तर व्याजही जाते. अपंग लेकराच्या हक्काच्या पैशातून व्याज भरावे, याहून वाईट काय असेल! हप्ता थकला तर वसुलीला येणारा माणूस मुलीच्या पासबुकाकडे बोट दाखवतो, असेही घडू शकते. अशा वेळी हे ध्यानी असू द्यावे की कर्ज वडिलांचे आहे, मुलीचे नाही. शिवाय, व्यंगामुळे किंवा अनुकंपा म्हणून शासनाने दिलेले निवृत्तिवेतन खुद्द लाभार्थ्याच्या कर्जापोटी न्यायालयाच्या आदेशानेही जप्त होऊ नये, हे तत्त्व 1871 च्या पेन्शन कायद्याच्या 11 व्या कलमापासून आपल्या देशात मान्य आहे.

नाइलाजाने पैसा वापरलाच गेला असेल, तर एक साधी वही घालावी. तारीख, रक्कम, कारण आणि दोन सह्या. कर्ज लहान असो वा मोठे, लिहिण्याचा कंटाळा करू नका, हा आदेश सूरह अल्-बकराच्या 282 व्या आयतीत आहे. त्याच आयतीत जो स्वतः मजकूर सांगू शकत नाही त्याच्या वतीने वलीने न्यायाने सांगावा, असेही म्हटले आहे. ही वही पुढे कामी येते. वडील आधी वारले तर मुलीचे येणे हे कर्ज आहे. वारसांची वाटणी होण्यापूर्वी ते फिटले पाहिजे. मुलगी आधी गेली तर तेच येणे तिच्या तरक्यात धरले जाईल आणि आईचा वाटा त्यातून निघेल. मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालक नेमून घेतला, तर त्यालाही सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी जमाखर्च द्यावा लागतो. वहीची सवय असलेल्या घराला ते जड जाणार नाही.

आणि ती दोन कर्जे? त्यांची वाट कुरआनने वेगळी दाखवली आहे. तंगीत असलेल्या कर्जदाराला सवड द्यावी, ही सूचना धनकोसाठी आहे. उसने देणारे सोयरे जर आपल्यातलेच असतील, तर पहिला आदेश त्यांनाच आहे. सूरह अत्-तौबाच्या 60 व्या आयतीत जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जबाजारी माणूस स्वतंत्रपणे मोजला आहे. तरीही रमजानमध्ये मोहल्ल्यातील जकातीची यादी होते तेव्हा विधवा, मदरसा, प्रवासी आठवतात. हमालीवर सहा माणसे पोसणारा कर्जदार आठवत नाही, कारण तो मागत नाही. यादी करणाऱ्यांनी ज्या घरात दिव्यांग मूल आहे तिथे जाऊन हळूच एवढे विचारावे की, हप्ता कोणाच्या पासबुकातून जातो.