🌿 हळद विक्री : मेल 'स्पॅम'मध्ये का जातो?

वायगाव हळदीला जीआय मानांकन आहे. पण ऑर्डरसाठी पाठवलेला मेल गिऱ्हाइकाला दिसलाच नाही तर? व्यापारी माणसाची पत बघतो, तशी जीमेल पाठवणाऱ्याची बघते. लोकांनी 'स्पॅम' दाबलं की पत घसरते. मग जुन्या गिऱ्हाइकाचा मेलही स्पॅममध्ये पडतो. गुगलचा सल्ला : हजार मेलमागे तक्रार एकापेक्षा कमी ठेवा, तीनपर्यंत जाऊच देऊ नका.

✅ मेल आयडी एकच ठेवा, सारखा बदलू नका.
✅ ज्यांनी 'पाठवा' म्हटलं त्यांनाच पाठवा. विकतची नंबर-मेलची यादी नको.
✅ 'नको' म्हणणाऱ्याचं नाव त्याच दिवशी काढा.
✅ नवी हळद लिहिली तर नवीच द्या.

पत हळूहळू बसते, मोडते मात्र एका दिवसात.