मोटार विकली, पण नोंद कोणाच्या नावे?

नागपुरात जुन्या मोटारीचा सौदा पुष्कळदा एका दुपारीच आटोपतो. अमरावती मार्गावर गाडी दोन-चार किलोमीटर फिरवून पाहिली जाते, किंमत ठरते, इसार दिला जातो आणि किल्ली हाती पडते. विक्रेता कोऱ्या नमुन्यांवर सह्या करतो आणि “नाव सवडीने चढवून घ्या” असे सांगून मोकळा होतो. वस्तुतः तो मोकळा झालेला नसतो. प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील एका निवृत्त मुख्याध्यापकांना गाडी विकून वर्ष उलटल्यावरही परजिल्ह्यांतील वाहतूक दंडाचे संदेश येत होते. गाडी कोणकोणाच्या हातांतून गेली, हे त्यांना अखेरपर्यंत कळले नाही. दंडावरच निभावले, हे त्यांचे सुदैव.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २(३०) नुसार, ज्याच्या नावे वाहन नोंदलेले आहे तो त्याचा मालक होय. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी दिलेल्या निकालात या व्याख्येचा अर्थ विशद केला. त्या प्रकरणातील मोटार २००७ पासून एकामागून एक अनेकांना विकली गेली होती. नोंदवहीत मात्र पहिल्याच विक्रेत्याचे नाव कायम होते. मे २००९ मध्ये तिच्या अपघातात एकाचा मृत्यू झाला. नुकसानभरपाईचे दायित्व नोंदणीकृत मालकावरच राहील, असा निर्णय न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालपत्रात देण्यात आला. भरपाईसाठी अपघातग्रस्ताने एका खरेदीदाराकडून दुसऱ्याकडे माग काढीत फिरावे, हे अधिनियमाला अभिप्रेत नाही, असा त्यातील युक्तिवाद आहे. मुद्रांक कागदावरील करारनामा वा तारीख-वेळ लिहिलेली ताबापावती जवळ असणे केव्हाही चांगले. परंतु नोंदवहीतील नावाची जागा ते कागद घेऊ शकत नाहीत.

दोघांचीही जबाबदारी

कलम ५० अन्वये, राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विक्रेत्याने १४ दिवसांच्या आत नमुना २९ मध्ये नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवावयाचे असते. खरेदीदाराने ३० दिवसांच्या आत नमुना ३० मध्ये अर्ज करावयाचा असतो. “नाव चढविणे हे घेणाऱ्याचे काम” ही प्रचलित समजूत म्हणूनच निम्मीच खरी आहे. सही करण्यापूर्वी नमुन्यात खरेदीदाराचे नाव, पत्ता व दिनांक भरावा आणि प्रत स्वतःजवळ ठेवावी. कोरा नमुना कोणाच्याही हाती पडू शकतो.

वापरलेल्या वाहनांचे व्यापारीही आता या चौकटीत आले आहेत. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या नियमांनुसार, प्राधिकृत व्यापाऱ्याकडे गाडी सोपविताना नमुना २९-सी मध्ये सूचना देता येते. त्यानंतर तो व्यापारी मानीव मालक ठरतो. रस्त्याकडेच्या दलालास गाडी दिल्यास हे संरक्षण लाभत नाही.

सीमेपलीकडचा सौदा

नागपूरपासून मध्य प्रदेशची सीमा दूर नाही. समजा, काटोलच्या एखाद्या शिक्षकाने एम.एच. ४० क्रमांकाची मोटार शिवनीच्या गृहस्थास विकली. अशा वेळी मुदत ४५ दिवसांची असते आणि मूळ नोंदणी कार्यालयाकडून नमुना २८ वरील ना-हरकत प्रमाणपत्र मिळवावे लागते. उलट दिशेने, छिंदवाड्याची गाडी स्वस्तात मिळते म्हणून ती आणणाऱ्याने महाराष्ट्रात भरावा लागणारा वाहन कर किमतीत धरूनच हिशेब करावा. स्वस्ताई तेथेच संपते, असा पुष्कळांचा अनुभव आहे.

खरेदीदाराने चासी व इंजिन क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी स्वतः ताडून पाहावेत. त्यावर कर्जतारणाची नोंद असल्यास वित्तसंस्थेच्या लेखी संमतीवाचून नाव बदलत नाही. कर्ज फिटले म्हणून नोंद आपोआप पुसली जात नाही. त्यासाठी नमुना ३५ आवश्यक असतो.

विम्याबाबतही गैरसमज आहेत. त्रयस्थ व्यक्तीच्या हानीचे विमासंरक्षण गाडीबरोबर खरेदीदाराकडे जाते; मात्र विमापत्रावरील नाव बदलण्यासाठी त्याने १४ दिवसांत अर्ज करावयाचा असतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा तसा आपोआप हस्तांतरित होत नाही. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलतही विक्रेत्याचीच राहते.

मालकाचा मृत्यू झाल्यास वारसाने ३० दिवसांत कार्यालयास कळवावे व तीन महिन्यांत नमुना ३१ भरावा. दिवंगत वडिलांच्या नावाची मोटार परस्पर विकण्याचे प्रकार खेड्यापाड्यांत घडतात. त्या कागदांवर सही कोणाची, हा प्रश्न मग नोंदणी कार्यालयाच्या खिडकीपाशी उभा राहतो.

पंचायत सदस्यांनी आणखी एक बाब ध्यानी घ्यावी. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षे पूर्ण झालेल्या शासकीय वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही, आणि या नियमात पंचायतींची वाहनेही अंतर्भूत आहेत. अशी जीप रस्त्यावर चालविण्यासाठी कोणास विकता येणार नाही. नोंदणीकृत मोडीत केंद्राकडेच तिची रवानगी करावी लागते.